आकडा हुडचा, पकड ड्रॉप्सची : सालसा काउचिपर बारच्या रुंदीचे परीक्षण

सालसा कंपनीचा काउचिपर हा ड्रॉप बार, म्हणजे दोन्ही टोके खाली वळलेले हँडल, खडीच्या, मातीच्या आणि दगडगोट्यांच्या वाटांसाठी बनवलेला आहे, आणि तो घेताना बहुतेक सायकलस्वार एकाच प्रश्नापाशी अडतात : रुंदी किती घ्यावी? ३८ पासून ५२ सेंटिमीटरपर्यंत दोन-दोन सेंटिमीटरच्या अंतराने त्याचे आकार आहेत आणि त्यामुळे निवड सोपी होण्याऐवजी अवघडच होते. मी ४४ आणि ४८ हे दोन्ही आकार एकाच सायकलवर, तोच स्टेम (बार सायकलला जोडणारा तुकडा) आणि त्याच ब्रेक लिव्हर ठेवून, सर्व प्रकारच्या वाटांवर भरपूर वापरले आहेत. बार उत्तमच आहे. त्यामुळे या परीक्षणात त्याच्या रंगाविषयी किंवा वजनाविषयी फारसे काही नाही. सगळा भर रुंदीच्या निवडीवर आहे, कारण योग्य रुंदीचा साधा बारही हाताला सुख देतो आणि चुकीच्या रुंदीचा महागडा बार तासाभरात खांदे भरून आणतो.

प्रथम आकार समजून घ्यावा लागतो. हुड म्हणजे ब्रेक लिव्हरचा वरचा, हात टेकायचा भाग, आणि ड्रॉप्स म्हणजे बारचा खाली वळलेला, पकडायचा भाग. काउचिपरचा फ्लेअर, म्हणजे हुडपासून खाली जाताना बारच्या दोन्ही बाजू बाहेर कलण्याचा कोन, २४ अंशांचा आहे. ड्रॉप, म्हणजे वरच्या आडव्या नळीपासून खालच्या पकडीपर्यंतची खोली, ११६ मिमी. आणि रीच, म्हणजे बार पुढे किती झेपावतो ते अंतर, ६८ मिमी. या तीन आकड्यांत रुंदीचे अर्धे उत्तर दडलेले आहे. ११६ मिमी खाली जाताना नळी २४ अंशांनी बाहेर कलत असेल, तर त्रिकोणमितीच्या साध्या हिशेबाने ती प्रत्येक बाजूला सुमारे ५२ मिमी बाहेर जाते. म्हणजे हुडपाशी ४४ सेंटिमीटर असलेला बार ड्रॉप्समध्ये साधारण ५४ सेंटिमीटरचा होतो, आणि ४८ चा बार ५८ पर्यंत पोहोचतो. खोक्यावर छापलेला आकडा आणि उतारावर आपण प्रत्यक्षात धरतो ती रुंदी यांत दहा सेंटिमीटरचे अंतर पडते.

रुंदीविषयीच्या बहुतेक चर्चा हे अंतर विसरूनच होतात. डांबरी रस्त्यावरच्या बारला फ्लेअर जवळजवळ नसतो, त्यामुळे तिथे ‘खांद्याइतका बार’ हा जुना नियम पुरतो. वर आणि खाली रुंदी एकच असते. फ्लेअर असलेल्या बारला मात्र दोन रुंदी असतात, आणि दोन्हींची कामे वेगळी आहेत. माझे मत असे आहे की कच्च्या वाटेसाठी बार निवडताना आधी ड्रॉप्समधली रुंदी ठरवावी, मग फ्लेअरच्या कोनावरून हुडची रुंदी काढावी, आणि ती हुडवर दिवसभर सोसवेल का ते तपासावे. उलट दिशेने गेले की हमखास गोंधळ होतो.

ड्रॉप्सना एवढे महत्त्व का, असे कोणी विचारेल. खडबडीत उतारावर सायकल खऱ्या अर्थाने ताब्यात राहते ती ड्रॉप्समध्येच. हुडवर हात असताना ब्रेक ओढणारे बोट लिव्हरच्या आसाजवळ पडते, त्यामुळे जोर जास्त लागतो. ड्रॉप्समधून तेच बोट लिव्हरच्या टोकाजवळ पोहोचते आणि एका बोटाने पुरेसा ब्रेक लागतो. (शिमानोने २०१९ मध्ये आणलेल्या जीआरएक्स या कच्च्या वाटांसाठीच्या मालिकेतल्या आरएक्स८१५ डीआय२ हायड्रॉलिक लिव्हरचा आस १८ मिमी वर नेला, तो हुडवरचा ब्रेक सुधारावा म्हणूनच, त्याने फरक पडतो, पण ड्रॉप्समधल्या पकडीची बरोबरी होत नाही.) दुसरे कारण अंगठ्याचे आहे. हुडवर तळवा वरून टेकलेला असतो आणि पुढचे चाक अचानक गोट्यावर आदळले की हात पुढे घसरू शकतो. ड्रॉप्समध्ये बाक तळव्यात बसतो, अंगठा नळीभोवती वळतो आणि उरलेली तीन बोटे पकड घट्ट ठेवतात. सस्पेन्शन नसलेल्या सायकलवर हा फरक जिवाला दिलासा देणारा आहे.

ही गोष्ट नवी नाही. चार्ली कनिंगहॅम आणि त्यांच्या सोबत्यांनी माउंटन बाइकच्या अगदी सुरुवातीच्या काळात कॅलिफोर्नियात बाहेर फाकलेले ड्रॉप बार लावून डोंगरवाटा पालथ्या घातल्या होत्या, आणि जॉन टोमॅकने १९९० च्या मोसमात माउंटन बाइकच्या शर्यतींत ड्रॉप बार वापरला, कारण तो त्याच काळात रस्त्यावरच्या शर्यतीही खेळत होता. त्या जुन्या परंपरेतला एक धडा आज पुष्कळांच्या नजरेआड झाला आहे, तो असा की बार इतका उंच बसवावा की ड्रॉप्स हीच मुख्य पकड व्हावी. बार खाली असेल तर ड्रॉप्समध्ये जाणेच नकोसे होते, आणि मग रुंदी कितीही अचूक निवडली तरी ती कामी येत नाही. म्हणून रुंदीवर विचार करण्याआधी स्टेमखालचे स्पेसर (उंची वाढवणाऱ्या कड्या) आणि स्टेमचा कोन पाहून घ्यावा.

आता दोन आकारांचा प्रत्यक्ष अनुभव. माझे खांदे हाडापासून हाडापर्यंत ४१ सेंटिमीटर भरतात, हे पुढचे वाचताना लक्षात ठेवावे. ४४ चा काउचिपर हुडवर अगदी घरच्यासारखा वाटतो. कोपरे नैसर्गिकपणे शरीराजवळ राहतात, डांबरी जोडरस्त्यावर वाऱ्याला छाती द्यावी लागत नाही, आणि दिवस मोठा असला तरी मानेखाली ताण येत नाही. खाली ड्रॉप्समध्ये ५४ सेंटिमीटर मिळतात आणि बारीक खडीच्या उतारावर ते पुरेसे असतात. पण मुठीएवढे गोटे सुरू झाले की मर्यादा कळते. गोट्यावर चाक एका बाजूला फेकले जाते, तेव्हा ते सरळ आणायला मनगटाने झटका द्यावा लागतो; असे झटके सतत देत गेले की उताराच्या शेवटी हाताचे पुढचे स्नायू दगडासारखे होतात.

४८ वर हेच काम वेगळ्या तऱ्हेने होते. चाक फेकले जाते तितकेच, पण तो धक्का हातापर्यंत येताना सौम्य होतो, कारण तरफेचा भुज लांब झालेला असतो. चाक परत आणायला जोर कमी लागतो आणि त्या बदल्यात हाताला थोडे जास्त अंतर चालावे लागते. त्यामुळे स्टिअरिंग किंचित संथ भासते, आणि वेगात असताना हा संथपणा हवाहवासा असतो. मला सर्वांत मोठा फरक उतारापेक्षा चढावर जाणवला. अगदी हलक्या गिअरमध्ये, चालण्याच्या वेगाने, मुळ्या आणि दगड टाळत चढताना पुढचे चाक आपोआप एका बाजूला पडू पाहते. ४८ च्या हुडवर ते दोन बोटांच्या दाबाने जागेवर राहते, ४४ वर त्याच ठिकाणी अंग वाकडे करून तोल सावरावा लागतो. रुंद बारची ही बाजू कोणी फारशी सांगत नाही. त्याचे कौतुक नेहमी उतारावरच्या धाडसासाठी होते आणि चढावरचा शांतपणा विसरला जातो.

पण ४८ ची किंमतही मोजावी लागते. सपाट, गुळगुळीत, लांब रस्त्यावर हुड धरून बसले की दीड-दोन तासांनी खांद्यांच्या वरच्या बाजूला आणि मानेच्या मुळाशी जडपणा येतो, कारण हात खांद्यांच्या रेषेबाहेर राहतात आणि शरीराचा भार हाडांवर न जाता स्नायूंवर येतो. समोरून वारा असेल तर फरक आणखी जाणवतो. झुडपांच्या अरुंद वाटेवर ड्रॉप्समध्ये बोटे बाहेर असतात आणि काट्यांची पहिली गाठ त्यांच्याशी पडते. ज्यांच्या नेहमीच्या मार्गात झाडांच्या जोड्या, फाटके किंवा अरुंद साकव आहेत, त्यांनी हुडची रुंदी मोजून समाधान मानू नये. टोकापासून टोकापर्यंतची पूर्ण रुंदी मोजावी.

मोजमापाच्या पद्धतीवर इथे थोडे थांबायला हवे, कारण रुंदीच्या निवडीतली निम्मी फसगत इथेच होते. काही कंपन्या नळीच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजतात, काही बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत. काही हुडपाशी, तर काही ड्रॉप्सच्या टोकाशी. ड्रॉप बारची नळी लिव्हर बसतात त्या भागात २३.८ मिमी जाडीची असते, म्हणजे केवळ मोजण्याच्या पद्धतीमुळे जवळजवळ अडीच सेंटिमीटरचा फरक पडतो. दोन आकारांमधल्या अंतरापेक्षा हा जास्त आहे. २०२६ पासून रस्त्यावरच्या शर्यतींत यूसीआय या आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने बारची किमान रुंदी ४०० मिमी केली, तीही बाहेरच्या कडांमधली. मध्यापासून मध्यापर्यंत मोजले तर तोच बार ३७६ मिमीच्या आसपास भरतो. (ही मर्यादा आली ती वाऱ्याचा अवरोध टाळण्यासाठी शर्यतपटू बार अरुंद करत चालले म्हणून. कच्च्या वाटेवर ओढ नेमकी उलटी आहे.) म्हणून सध्याच्या बारशी तुलना करताना कागदावरचे आकडे बाजूला ठेवून, मोजपट्टी घेऊन, दोन्ही बार एकाच जागी मोजणे बरे. बार टेबलावर उपडा ठेवावा, लिव्हरचा पट्टा बसतो त्या जागी दोन्ही बाजूंना नळीच्या मध्यावर पेन्सिलीची खूण करावी आणि ते अंतर घ्यावे. मग ड्रॉप्समध्ये तर्जनी लिव्हरवर पोहोचते तिथे मुठीचा मध्य कुठे येतो ते पाहून दुसरे अंतर घ्यावे. हे दोनच आकडे खरे उपयोगाचे.

शरीराचे माप घेण्याचाही एक चांगला मार्ग आहे. खांद्याच्या वरच्या टोकाला जे हाड हाताला लागते, त्या दोन हाडांमधले अंतर दुसऱ्या कोणाकडून मोजून घ्यावे. हुडची रुंदी त्यापेक्षा दोन ते सहा सेंटिमीटर जास्त असली तरी कच्च्या वाटेसाठी चालते, त्यापलीकडे मात्र स्वतः चालवून पाहिल्याशिवाय जाऊ नये. ड्रॉप्ससाठी जमिनीवर जोर काढायच्या स्थितीत यावे आणि हात जिथे सर्वांत भक्कम वाटतात तिथे टेकवावेत. तळव्यांच्या मध्यांमधले ते अंतर ड्रॉप्सच्या रुंदीची वरची मर्यादा धरावी. माझ्या बाबतीत ते ५७ सेंटिमीटर भरते, आणि ४८ चा काउचिपर ती मर्यादा किंचित ओलांडतो. ४६ निवडला असता तर दोन्ही बाजू सांभाळल्या गेल्या असत्या, असे मला वाटते, आणि माझ्या बांध्याच्या माणसाला मी आज तोच आकार सुचवेन. ज्यांचे खांदे ३६-३८ आहेत त्यांना ४२ चा बार ड्रॉप्समध्ये ५२ सेंटिमीटर देतो, जे पुष्कळ झाले. लहान बांध्याच्या स्वारांना केवळ ‘रुंद ते चांगले’ म्हणून ४८-५० गळ्यात मारले जाताना पाहिले की वाईट वाटते, कारण त्यांच्या हातांची बोटे लिव्हरपर्यंत नीट पोहोचतही नाहीत आणि मग सायकलच नकोशी होते.

याच तर्काने इतर बार पाहिले की निवड किती बदलते ते दिसते. सालसाचाच काउबेल १२ अंशांच्या फ्लेअरचा आहे आणि त्याचा ड्रॉप ११५ मिमी. तो खाली जाताना प्रत्येक बाजूला साधारण २४ मिमीच फाकतो. म्हणजे ४८ चा काउबेल आणि ४२-४४ चा काउचिपर ड्रॉप्समध्ये जवळपास सारखेच, पण हुडवर त्यांच्यात चार-सहा सेंटिमीटरचे अंतर. ज्याचा निम्म्याहून अधिक वेळ डांबरावर जातो आणि हुडवर अरुंद पकड हवी असते, त्याला जास्त फ्लेअर आणि कमी रुंदी ही जोडी लाभते. ज्याला हुडवरही रुंद हात हवेत आणि लिव्हर फार कललेल्या आवडत नाहीत, त्याला कमी फ्लेअरचा रुंद बार बरा. रिचीचा व्हेंचरमॅक्स काउचिपरइतकाच, २४ अंशांचा आहे, पण त्याचा ड्रॉप १०२ मिमी असल्याने खाली वाकावे कमी लागते. पाठ ताठ असलेल्यांनी तो अवश्य पाहावा. ईस्टनचा एएक्स १६ अंशांवर मधला मार्ग काढतो. कर्व्ह या ऑस्ट्रेलियन कंपनीचा वॉल्मर बार ६० सेंटिमीटरपर्यंत आणि त्याहीपुढे मिळतो. सामानाने लादलेली सायकल दिवसेंदिवस निर्जन वाटांवर हाकणाऱ्यांना तो प्रिय आहे, आणि तरीही ७६-७८ सेंटिमीटरच्या माउंटन बाइक हँडलपेक्षा तो अरुंदच ठरतो, हे रुंद ड्रॉप बारला नाके मुरडणाऱ्यांनी लक्षात घ्यावे.

फ्लेअर वाढला की लिव्हरही कलतात : खालचे टोक बाहेर, हुडचे डोके आत. काउचिपरचे २४ अंश मला ड्रॉप्समधून फार सोयीचे वाटले, कारण लिव्हर बोटाच्या ओढीच्या दिशेतच येते. हुडवर मात्र तळव्याच्या बाहेरच्या कडेखाली आधार कमी पडतो. काही जण लिव्हर बारवर फिरवून सरळ करतात. थोडे फिरवणे ठीक, पण जास्त फिरवले की ड्रॉप्समधून लिव्हर बोटापासून आत सरकते आणि ज्यासाठी हा बार घेतला तेच हरवते. कलती लिव्हर अजिबात न सोसणाऱ्यांनी रुंदीचा विचार सोडून कमी फ्लेअरकडे वळावे.

रुंद बार लावला की स्टेम आखूड करावा, असे सरसकट सांगितले जाते. या सल्ल्याशी मी पूर्ण सहमत नाही. खांद्यापासून हुडपर्यंत हात ६० सेंटिमीटर लांब धरला आणि कोपर सरळ ठेवले, तर हुडची रुंदी ४२ वरून ४८ केल्याने हात पुढच्या दिशेने जेमतेम एक-दीड मिलिमीटर कमी पोहोचतो. ड्रॉप्सच्या ५८ सेंटिमीटरवरही तो फरक सहा-सात मिलिमीटरचा असतो. याउलट ८० मिमी रीचचा बार काढून ६८ मिमीचा काउचिपर बसवला, तर हुड आपोआप बारा मिलिमीटर जवळ येतात. म्हणून आधी दोन बारच्या रीचची वजाबाकी करावी, आहे त्याच स्टेमवर बार चालवून पाहावा, आणि मगच स्टेमला हात लावावा. आखूड स्टेमचा खरा उपयोग रुंद बारमुळे संथ झालेले स्टिअरिंग पुन्हा चपळ करण्यासाठी होतो, आणि तो बदल चालवल्यावरच ठरवता येतो.

पुढे गुंडाळी बॅग बांधणाऱ्यांसाठी ४८ चा बार उघड फायद्याचा आहे. ड्रॉप्स बाहेर फाकल्यामुळे बॅगेची टोके लिव्हरच्या मागे अडकत नाहीत आणि ब्रेक पूर्ण ओढता येतो. सालसाची कटथ्रोट ही सायकल कॅनडातल्या बॅन्फपासून मेक्सिकोच्या सीमेवरच्या अँटिलोप वेल्सपर्यंतच्या टूर डिव्हाइड या सुमारे ४,४०० किलोमीटरच्या स्पर्धेसाठी घडवली गेली आणि तिच्यावर काउचिपर बसवून दिला जात असे, यामागे हेही एक कारण असावे.

बसवण्यापूर्वी ब्रेकचे पाइप आणि केबल यांची लांबी मात्र पाहून घ्यावी. चार-सहा सेंटिमीटर रुंद बारवर जुने पाइप हँडल पूर्ण वळवल्यावर ताणले जाऊ शकतात, आणि ते फ्रेमच्या आतून गेलेले असतील तर नवे पाइप, तेल भरणे आणि हवा काढणे असा मोठा उद्योग होतो. टेपही नेहमीच्या लांबीचा पुरत नाही. ४८ आणि त्यापुढच्या आकारांना जास्त लांबीचा टेप घ्यावा, नाहीतर वरचा सपाट भाग उघडा राहतो. टेप लगेच गुंडाळूही नये. लिव्हर बसवून, पाइप इन्सुलेशन टेपने तात्पुरते बांधून, ओळखीच्या एखाद्या खडबडीत उतारावर आणि लांब सपाट रस्त्यावर सायकल चालवावी, बार एक-दोन अंश पुढेमागे फिरवून पाहावा, लिव्हर वरखाली करून तर्जनी सहज पोहोचते ती जागा शोधावी, तिथे खूण करावी, पट्टे नेमून दिलेल्या टॉर्कवर आवळावेत आणि मगच टेप चढवावा.